पान एकशे अठरा

आधी दिसला तो अंगठा.
पान बहात्तर, खालचा डावा कोपरा,
स्कॅनरच्या काचेवर दाबलेला,
नखाखाली काळं रक्त साकळलेलं.

पुस्तक माझं.
म्हणजे मूळ एका जर्मन मधपाळाचं,
पण जॉर्जियनमध्ये आणलं मी.
चार हिवाळे, तिबिलिसीत, पाचव्या मजल्यावर,
हीटर पायाशी, मांजर हीटरपाशी.
तीनशे प्रती निघाल्या. मग काकुरीने प्रकाशनच गुंडाळलं.
माझे उरलेले पैसे पुढच्या महिन्यात देणार होता,
तो पुढचा महिना अजून पुढेच आहे.
आणि आता हे.
अकरा हजार जणांनी फुकट उतरवून घेतलेलं,
मुखपृष्ठ वाकडं,
माझ्या नावावर चहाचा गोल डाग.

एलिको वकील आहे. म्हणाली, नोटीस धाडू.
म्हटलं, धाड.
चोर तो चोर, मध चोरो नाहीतर शब्द.
कुणाच्या नावे, तिने विचारलं.
मी पडद्यावरच्या अंगठ्याकडे बोट दाखवलं.

त्या रात्री वाचत बसले माझंच पुस्तक, चोराच्या प्रतीत.
हे एलिकोला सांगितलं नाही.
कुठे कुठे खुणा होत्या, कुठे मेणाचा ओघळ,
एका पानावर चक्क माशीचा पंख,
तोही स्कॅन झालेला.
माझ्याकडच्या प्रतीला अजून छापखान्याचा वास येतो.

पान एकशे अठरा.
हिवाळ्याआधी द्यायचा पाक:
साखर एक भाग, पाणी दोन.
त्यावर निळ्या पेनाची रेघ
आणि समासात शाळकरी वळणाचं अक्षर:
उलटं आहे. साखर दोन, पाणी एक.
माझ्या सहा पेट्या गेल्या.
दुसऱ्या कुणाच्या जाऊ नयेत.

मूळ पुस्तक काढलं. साखर दोन.
पुन्हा बघितलं,
जणू तेवढ्यात माझी कीव येऊन
आकडे जागा बदलतील.

शब्दकोशावर ढकललं असतं,
पण एक आणि दोनसाठी शब्दकोश कोण उघडतं?
आणि तो तरी कुठला?
नदीकाठच्या जुन्या बाजारात
तीन लारी मोजून घेतलेली सीडी.
अकरा वर्षं सांगतेय, चाचणीची मुदत संपली.
अकरा वर्षं मी दाबतेय, नंतर.

सहा पेट्या.
एका पेटीत हिवाळ्याच्या तोंडावर माश्या किती,
तेही माझ्याच पुस्तकात आहे, पान नऊ.
मी गुणाकार केला नाही.
बर्फाखालच्या पेटीला कान लावून बसलेला
कुणीतरी माणूस तेवढा दिसला,
राचाच्या डोंगरात, किंवा कुठेही,
आणि त्याचा अंगठा,
बहुतेक झाकण आपटताना चेचलेला.

एलिको म्हणते, चूक झाली म्हणून हक्क जात नाही.
खरं आहे.
मसुदा तयार आहे, नाव टाकायचं बाकी.
मी म्हटलं, थांब जरा.
किती, म्हणाली.
पुढच्या महिन्यापर्यंत, म्हटलं,
आणि काकुरीसारखा आवाज आला माझा.

मंगळवारी ग्रंथालयात गेले.
अधिकृत प्रत. शिक्का, क्रमांक, कोरी करकरीत पानं.
नोंदपत्रावर दोनच तारखा,
त्यातली एक माझी.
पान एकशे अठरावर
साखर एक, पाणी दोन, कायदेशीरपणे.

पेन्सिल टेकवली तोच
पेलागियाबाई टेबलामागून कडाडल्या,
अहो बाई, पुस्तकात काय लिहिताय?
तुमच्या बापाचं आहे का?

सगळं ग्रंथालय वळून बघू लागलं.
मी अंगठ्याने पान घट्ट दाबून धरलं
आणि दोनाचा एक
गिरवत राहिले.